राजूर घाट आणि एक वाकडा पाइप

मंडळी, गेल्या महिन्यात पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजोबा, तुम्ही म्हणे फिएटचा सायलेन्सर घरीच बसवला होता?" मी म्हटलं, "कोणी सांगितलं?" तर म्हणाला, "बाबांनी." त्याने त्याच्या गाडीसाठी बाहेरच्या बनावटीचा सायलेन्सर आणि पाइप मागवला आहे. कंपनीचा नाही, पण आवाज भारी आहे म्हणे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बसवणार होता. यूट्यूबवर सगळं बघून झालं होतं, फक्त पाइप सरळ रेषेत कसा आणायचा एवढंच अडलं होतं.

मी म्हटलं, लिहून पाठवतो, तोवर हात लावू नकोस. लिहायला बसलो आणि चार दिवस झाले तरी पाइपापर्यंत पोचलोच नाही. इतिहासाच्या मास्तराकडे पाण्याचा पेला मागितला तर तो विहीर कोणी खोदली तिथून सुरुवात करतो. शिवाय यात एक गोष्ट अशी आहे की जी मी नातेवाइकांपैकी कोणालाही कधी सांगितलेली नाही. तीही या निमित्ताने सांगून टाकतो. तेव्हा नातवाला पाठवायचं पत्र सगळ्यांनीच वाचा.

माझ्या लहानपणी आमच्या गावात मोटार नव्हती, पण सायलेन्सर होता. म्हणजे नव्हता, असं म्हणायला हवं! पिठाच्या गिरणीचं ऑइल इंजिन होतं आणि त्याचा धूर बाहेर टाकणारा पाइप छपरातून वर काढलेला होता. त्याच्या तोंडाशी गिरणीवाल्याने एक डबा असा काही लटकवला होता की इंजिन सुरू झालं की पुक्, पुक्, पुक् असा आवाज वेशीपर्यंत जायचा. तो आवाज ऐकला की आई म्हणायची, "गिरणी लागली, जा दळण घेऊन." आवाज मुद्दाम मोठा ठेवलेला होता, कारण तीच त्याची जाहिरात. बुलढाणा जिल्ह्यात त्या काळी शेतोशेती पाणी काढणारी इंजिनं आली, त्यांचेही आवाज ठरलेले. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वडील सांगायचे, हे अमक्याचं इंजिन, हे तमक्याचं. ज्याचं बिघडलं त्याचा आवाज न आल्यानेच कळायचं.

आता हा आवाज येतो कुठून? इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं तेव्हा सिलिंडरमध्ये मोठा दाब तयार होतो. झडप उघडली की तो दाबलेला गरम वायू एकदम बाहेर उसळतो. प्रत्येक उसळी म्हणजे एक छोटा स्फोटच. मिनिटाला हजारो वेळा झडपा उघडतात, म्हणून आपल्याला सलग घरघर ऐकू येते. सायलेन्सर म्हणजे त्या वाटेवर ठेवलेला एक डबा. आत भोकं पाडलेल्या नळ्या असतात, आडवे पडदे असतात, लहानमोठे कप्पे असतात. आवाजाच्या लाटा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतात, परत येणारी लाट पुढून येणाऱ्या लाटेला छेदते आणि दोघींचा जोर मोडतो. वायू निघून जातो, आवाज मागे राहतो. काही डब्यांत काचेचा कापूस भरलेला असतो, तो आवाज पिऊन घेतो. (आमच्या शाळेत दुपारच्या सुट्टीत असा एखादा डबा बसवता आला असता तर फार बरं झालं असतं.)

अमेरिकेत इंडियाना प्रांतातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ साली अशा डब्याचं पेटंट घेतलं. कार्ल बेंझच्या मोटारीचं पेटंट १८८६ चं. म्हणजे मोटार आली आणि दहा-अकरा वर्षांतच तिच्या तोंडाला कुलूप लावायची गरज पडली. तोंडाला म्हणजे शेपटीला! पण हे कुलूप चालवणाऱ्यांना मनापासून आवडलं नाही. डब्यातून वळसे घेत जाताना वायूला अडथळा होतो आणि इंजिनाचा थोडा जोर त्याला बाहेर ढकलण्यात खर्ची पडतो. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत एक कळ असायची. ती ओढली की धुराला सायलेन्सर टाळून थेट बाहेर जाता यायचं. गावात कळ बंद ठेवायची आणि चढ आला की उघडायची, अशी ही सोय. शहरोशहरी लोकांनी तक्रारी केल्या तेव्हा ठिकठिकाणी तिच्यावर बंदी आली. थोडक्यात, आवाज मोठा म्हणजे जोर मोठा ही पुण्यातल्या माझ्या नातवाची समजूत सव्वाशे वर्षं जुनी आहे. तिच्यात तथ्य आहे, पण मिरवतात तेवढं नाही.

आपल्या वऱ्हाडात मोटारी आधी साहेबांच्या आणि कापसाच्या व्यापाऱ्यांच्या आल्या. खामगावचा कापूस बाजार एवढा मोठा की त्याच्यासाठी जलंब ते खामगाव अशी रेल्वेची फाटा लाइन टाकली आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनाला आला. पण बुलढाणा गाव डोंगरावर, दोन हजार फुटांहून थोडं जास्तच उंच. साहेबाने थंड हवेसाठी जिल्ह्याचं ठाणं वर नेलं आणि रेल्वे राहिली खाली पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुऱ्याकडे. त्यामुळे बुलढाण्याला जायचं तर घाट चढणं आलंच. मलकापूरकडून राजूर घाट, खामगावकडून बोथ्याचा घाट.

वडील सांगायचे, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा मोटारी कोळशावर चालत. गाडीच्या मागे उभा लोखंडी बंब, त्यात लोणारी कोळसा पेटवलेला. प्रवाशांनी बसायच्या आधी क्लीनरने अर्धा तास हाताने पंखा फिरवायचा. मग धगीतून निघणारा वायू नळीने इंजिनात जायचा आणि इंजिन चालायचं. घाटात गाडीचा दम जायचा, तेव्हा पुरुष मंडळी उतरून चालायची, बायका-मुलं बसून. माझं बालपण हे वर्णन ऐकण्यात गेलं, पण त्या वायूचं नाव काय हे ना वडिलांना ठाऊक होतं ना मला. त्यात जळणारा मुख्य भाग होता कार्बन मोनॉक्साइड. हवा अपुरी पडून कोळसा अर्धवट जळाला की तो तयार होतो. पेट्रोल अर्धवट जळालं तरीही तोच तयार होतो. एका काळी ज्याच्यावर मोटार चालली, तो पुढे मोटारीच्या शेपटीतून नुसता फेकला जाऊ लागला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फिएट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फिएटची ११०० ही गाडी तयार होऊ लागली. साठीच्या दशकात तिचं डिलाइट नावाचं मॉडेल आलं आणि सत्तरीत तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. नवी गाडी घ्यायची तर वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मुंबईकरांनी जुन्या फिएटी काढायला सुरुवात केली. त्या लाटेत माझ्या थोरल्या भावाने आपली १९७० ची डिलाइट मला दिली. मे १९८६. पैसे हप्त्याहप्त्याने घेतले, तेही पूर्ण घेतले नाहीत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. शाळेत शिक्षकाची मोटार ही बातमी हेडमास्तरांच्या बदलीपेक्षा मोठी ठरली.

त्या उन्हाळ्यात आम्ही मलकापूरला हिच्या माहेरी तीनदा जाऊन आलो. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर. जाताना घाट उतरायचा, येताना चढायचा. ही पुढे माझ्या शेजारी, दोन्ही मुलं मागे. गाणी म्हणत गेलो आणि गाणी म्हणत आलो. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पावसाळा संपता संपता सायलेन्सर गंजून गेला. मुंबईचा पत्रा, खारी हवा आधीच खाऊन बसलेली. शिवाय इंजिन जळताना पाण्याची वाफही तयार होते. छोट्या छोट्या फेऱ्यांत पाइप पुरेसा तापत नाही, ती वाफ डब्यात पाणी होऊन साचते आणि डबा आतून सडतो. बाहेरून रंग शाबूत आणि आत चाळण. कंपनीचा माल मागवायचा तर मुंबईहून, आणि किंमत माझ्या पगाराला न झेपणारी. तेव्हा गावोगावी पत्रा वळवून, वेल्डिंग मारून सायलेन्सर करून देणारे कारागीर होते. अशाच एका दुकानातून मी तयार सायलेन्सर, पुढचा पाइप आणि मागची शेपटी असा संच आणला. दुकानदार म्हणाला, फिएटचाच आहे, डोळे झाकून बसवा. बसवायचे पैसे वेगळे मागितले. मी म्हटलं, राहू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते काम घरी, अंगणात केलं. गाडी जॅकने उचलली आणि चाकांशेजारी विटा रचल्या. (आज आठवलं की अंगावर काटा येतो. वीट भार सोसता सोसता एकदम फुटते, सूचना देत नाही. नातवा, हे करायचं नाही. लोखंडी स्टँड आण, नाहीतर काम सोड.) मेव्हणे सुट्टीला आले होते, ते पाने आणि पकडी हातात देत होते. पुढचा पाइप इंजिनाच्या मॅनिफोल्डला बसला. मधे गॅस्केट घातलं, नट कचकचून आवळले. मग सायलेन्सर टांगला. आणि मग लक्षात आलं की पाइपाचं तोंड आणि सायलेन्सरचं तोंड एकमेकांकडे बघतच नाहीत. चांगली चार बोटं फरक. कारागिराने नळी जिथे जोडायची त्याच्या बाजूला जोडली असणार, किंवा बाक कमी दिला असणार. परत नेऊन बदलून आणायला एक दिवस गेला असता. आम्ही काय केलं? जॅकचा दांडा पाइपात अडकवला, मेव्हण्यांनी पाय भिंतीला लावून ओढला, मी नळीत नळी घुसवली आणि पट्टी आवळली. बसलं! चहा झाला. गाडी सुरू केली तर आवाज कसा, मांजर गुरगुरावं तसा. मी अंगभर काजळी घेऊन उभा आणि मुलं टाळ्या वाजवताहेत. त्या दिवशीचा माझा रुबाब विचारू नका.

त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत, मलकापूरहून परतताना राजूर घाटात हिला मळमळायला लागलं. वर पोचलो तेव्हा चेहरा पांढराफटक, डोकं ठणकतंय. मी म्हटलं, गाडी लागली. पुढच्या वेळी आलं-लिंबू घेतलं. जाताना काहीच नाही, येताना पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मुलं मात्र परतताना गाढ झोपायची, इतकी गाढ की घरी आल्यावर उचलून न्यावं लागे, आणि उठल्यावर किरकिर करायची. मला वाटे, मामाकडे दंगा करून दमली. एकदा मीही डोकं धरून बसलो होतो, पण सहामाहीचे पेपर तपासायचे होते, त्यांच्यावर खापर फोडून मोकळा झालो.

आणि मग तो विनोद. तो मीच केला, पहिल्यांदा, हिच्या भावाच्या घरी, सगळे जेवायला बसलेले असताना. "हिला माहेरी येताना गाडी लागत नाही, सासरी जाताना बरोबर लागते!" काय हशा पिकला! मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो ऐकला आहे, काहींनी पुढे स्वतःही सांगितला आहे. लग्नात, मुंजीत, बारशात. बारा-पंधरा वर्षं तो घराण्यात चालला. मी इतिहास शिकवत होतो. वर्गात पोरांना सांगत होतो की पुरावा डोळ्यांसमोर असतो, बघायला शिका. तोच घाट, तीच वळणं, तीच गाडी. वळणांनी मळमळत असेल तर उतरतानाही मळमळायला हवं. एवढा सरळ प्रश्न मला दीड वर्षात पडला नाही, कारण त्याचं उत्तर म्हणून विनोद तयार होता.

तो प्रश्न पडला एका मेकॅनिकला. मे १९८८ ची गोष्ट. माझाच जुना विद्यार्थी, ज्याला मी नववीत इतिहासात नापास केलं होतं. त्याने रस्त्याच्या कडेला गॅरेज टाकलं होतं, ब्रेक दाखवायला गाडी नेली होती. ही झाडाखाली बाजेवर बसली होती. मी गप्पांच्या ओघात तोच विनोद त्याला सांगितला. तो हसला नाही. पान्यावरचं ग्रीस पुसत म्हणाला, "गुर्जी, मंग काकूले चढतानीच तरास होते? उतरतानी नाई?" मी म्हटलं, "नाही." "काच लावून बसते का काकू?" मी म्हटलं, "हो, वाऱ्याने कान दुखतात तिचे." "आन् तुमी?" मी कायम उजवं कोपर खिडकीबाहेर काढून गाडी चालवायचो.

त्याने गाडी चरीवर आडवी घेतली, खाली उतरला, मला म्हणाला, इंजिन चालू करा. मग एका पोराला मागे उभं करून ओलं फडकं शेपटीच्या तोंडावर क्षणभर दाबायला सांगितलं. वायूला मागून वाट मिळाली नाही की तो जिथे फट असेल तिथून निघतो. पुढून, मॅनिफोल्डजवळून, साप फुत्कारावा तसा फुस्स आवाज आला. त्याने मला खाली बोलावून दाखवलं. जोडावर काळ्या काजळीचा पंखा उमटला होता. गॅस्केट एका बाजूने फुटलेलं होतं. त्याने सायलेन्सरजवळची पट्टी ढिली केली, तसा पाइप टणकन उडाला आणि चार बोटं बाजूला जाऊन थांबला.

"पाइपाले जबरदस्ती कोनं केली, गुर्जी?"

मी काहीच बोललो नाही. त्याला उत्तर मिळालं असणार.

त्याने समजावलं ते असं. वाकवून बसवलेला पाइप म्हणजे ताणलेलं धनुष्य. सायलेन्सर रबराला लटकलेला, तो हलतो आणि ताण झेलतो. पण पुढचा जोड इंजिनाला घट्ट, त्याला हलता येत नाही. इंजिन थरथरतं, पाइप तापतो, थंड होतो आणि प्रत्येक वेळी तो ताण जाऊन बसतो सगळ्यात घट्ट जागी. तिथलं गॅस्केट मार खाऊन फुटतं. मग वायू इंजिनाच्या खोलीत पसरतो आणि पायाकडच्या, दांड्यांच्या भोकांतून बसायच्या जागेत येतो. सपाटीवर गाडी पळत असते, इंजिनावर ताण कमी, वारा वायू उडवून नेतो. उतरताना तर पाय पेट्रोलवरून काढलेलाच. पण चढताना गाडी हळू, दुसऱ्या गिअरमध्ये, पेट्रोल भरपूर, वारा नाही. म्हणजे वायू सगळ्यात जास्त तेव्हा, आणि तो उडून जायची शक्यता सगळ्यात कमी तेव्हा.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. (माझं स्वतःचं नाव न घेता, एका मित्राची गाडी म्हणून!) त्यांनी सांगितलं, कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवतं आणि मग ऑक्सिजनला जागाच राहत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. मग गुंगी येते. मग झोप लागते. सर पुढे काय बोलले ते मी ऐकलं नाही. मला मागच्या सीटवरची दोन मुलं दिसत होती, मोताळ्यापासून गाढ झोपलेली.

घरी येऊन हिला मी सांगितलं, "गॅस्केट गेलं होतं, बदललं." खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं. त्यानंतर तिला राजूर घाटात कधी गाडी लागली नाही. विनोद मात्र चालू राहिला, कारण तो थांबवायचा तर कारण सांगावं लागलं असतं.

आता नातवाच्या कामाचं. त्या मेकॅनिकने ते दोन तासांत माझ्यासमोर केलं, म्हणून पक्कं लक्षात आहे. "आदी समदं ढिलं, मंग पुढून मांगं," हे त्याचं सूत्र. आधी सगळे तुकडे नुसते अडकवायचे, एकही नट आवळायचा नाही, फक्त बोटांनी धरेल एवढा. पुढच्या जोडात नवं गॅस्केट, जुनं कधीच नाही, आणि दोन्ही तोंडं खरवडून साफ. मग मधला डबा आपल्या वजनाने जिथे लटकतो तिथे लटकू द्यायचा. रबर सरळ खाली लोंबलं पाहिजे. तिरकं ताणलेलं रबर म्हणजे पाइप वाकडा आहे याची चहाडी. नळीत नळी दीड-दोन इंच तरी गेली पाहिजे. मग गाडी हाताने हलवायची, वर-खाली, डावी-उजवी, आणि बघायचं की पाइप कुठे आपटतो का. ब्रेकची नळी, पेट्रोलची टाकी, वायरी, मागचा आस, या सगळ्यांपासून दोन बोटं मोकळी जागा हवी. शेपटीचं तोंड गाडीच्या पत्र्याबाहेर आलंच पाहिजे. आखूड असेल तर धूर बुडाखाली कोंडतो आणि डिकीच्या फटीतून आत येतो. एवढं झाल्यावर पुढून मागे एकेक जोड थोडा थोडा आवळत जायचं. कुठेही जोर लावून ओढावं लागलं तर तिथेच थांबायचं. पाइप परत नेऊन कापून, बाक देऊन पुन्हा वेल्ड करून आणायचा.

मग इंजिन चालवायचं, मोकळ्या हवेत. बंद पार्किंगमध्ये बिलकूल नाही. पाइप तापला की वाढतो. विज्ञानाच्या सरांनी मला गणित करून दाखवलं होतं: दोन मीटरचा पोलादी पाइप दोनशे अंशांनी तापला तर जवळजवळ पाच मिलिमीटर लांबतो. म्हणून थंडपणी दिसणारी जागा पुरत नाही. गार होऊ द्यायचं आणि सगळे नट पुन्हा एकदा बघायचे. ओल्या फडक्याची तपासणी नातवाने स्वतः करू नये. हात भाजतो, आणि वायू तोंडाशी असतो. ती जाणत्याकडून करून घ्यावी.

एक गोष्ट तेव्हा नव्हती आणि आज आहे. नातवाच्या पाइपात मधे एक जाडसर डबा असेल, तो सायलेन्सर नाही. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि त्याच्यासाठीच शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशाने ती जाळी निकामी होते. हे शिसं पेट्रोलमध्ये आलं ते १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजलीने लावलेल्या शोधामुळे, इंजिन ठोकू नये म्हणून. जवळपास शंभर वर्षं जगाने ते श्वासातून घेतलं. फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल झालं. एप्रिल २०२० पासून तर भारत स्टेज सहाचे नियम आले. आमच्या डिलाइटच्या धुराशी आजच्या गाडीच्या धुराची तुलनाच नको. पण आवाजासाठी कोणी तो डबाच काढून सरळ पाइप टाकला तर तो माझ्या १९८६ मध्ये परत येतो, तेही पदरचे पैसे घालून. कायद्याचंही सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-धुराचे नियम मोडले तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी जप्त केलेल्या कर्कश सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात बघितले असतीलच.

आमची डिलाइट १९९७ साली भंगारात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा टीव्हीवर बघताना ही म्हणाली, "आपल्या गाडीची धाकटी बहीण गेली." मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

हे सगळं लिहून झाल्यावर परवा रात्री तिला वाचून दाखवलं. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही तिला, त्यामुळे माझं लिहिलेलं मीच वाचतो. मेव्हण्यांनी पाय भिंतीला लावला तिथे हसली. मुलांच्या झोपेशी आलो तेव्हा हात पुढे करून थांबवलं, पाणी मागितलं, मग म्हणाली, वाचा पुढे. संपल्यावर मी म्हटलं, त्या दीड वर्षात तू माहेरी फार कमी गेलीस, आणि त्यातच आई गेल्या. गाडीचा त्रास नसता तर तू गेली असतीस. ते माझ्यामुळे झालं.

ती बराच वेळ चष्म्याची काडी चाळवत बसली. मग म्हणाली, "अहो, गाडी लागायचं काही नव्हतं हो. ओकारी काय, येते नि जाते. तिथे पानावर बसलं की सगळे हसायचे ना, म्हणून मी जायचं कमी केलं होतं."